ओळख नाकारलेली सॅक

मित्रांनो, ताम्हिणीला धुळा मेंगडे यांच्या घरात खुंटीवर एक खाकी सॅक टांगलेली आहे. ती मी.

माझा जन्म पुण्यातला. विश्राम नावाच्या कारागिराने मला जाड कॅनव्हासची शिवली आणि पट्ट्यांना तिहेरी टीप घातली. २००३ साली शैलेशने मला विकत घेतले. तो लातूरहून नोकरीसाठी आलेला, हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारा साधा मुलगा होता. सुट्टी मिळाली की मला पाठीला लावून तो डोंगर गाठायचा.

अशाच एका पावसाळ्यात ताम्हिणीच्या रानात त्याचा पाय मुरगळला. शेरडे चारणाऱ्या धुळामामांनी त्याला खांद्याचा आधार दिला, मला स्वतःच्या पाठीवर घेतले आणि दोघांना घरी आणले. मामांच्या बायकोने, तुकाबाईंनी, त्याच्या पायाला हळद लावली, नाचणीची भाकरी वाढली. त्यानंतर शैलेश दरवर्षी यायचा आणि मामा त्याला वरच्या धबधब्यापर्यंत घेऊन जायचे. लग्न झाल्यावर ऋतिकाला घेऊन आला, पुढे लहानग्या क्षितिजालाही. "धुळामामा, तुम्ही आहात म्हणून इथे भीती वाटत नाही," असे तो म्हणायचा. ते मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

२००८च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. त्यानंतर ताम्हिणीला येणाऱ्या गाड्या कमी झाल्या. घाटरस्त्यावरच्या सगुणाबाईंच्या ढाब्यावर तीन चुली पेटायच्या, तिथे एकच पेटू लागली. लोक हळूहळू परतत होते, तोच २०१०च्या फेब्रुवारीत पुण्यात स्फोट झाला. खाण्याच्या ठिकाणी ठेवलेल्या एका बॅगेत बॉम्ब होता. त्या दिवसापासून माझ्यासारख्या साऱ्याच बॅगांकडे लोक संशयाने पाहू लागले.

पुढच्याच रविवारी शैलेश सगळ्यांना घेऊन ताम्हिणीला आला. सगुणाबाईंकडे जेवण झाले. क्षितिजा झोपेला आल्यामुळे रडत होती. तिला उचलून घेण्याच्या गडबडीत मी बाकाखालीच राहिले.

"ही बॅग कोणाची आहे?" कोणीतरी विचारले. क्षणात ढाबा रिकामा झाला. लोक रस्त्यापलीकडे पळाले. शैलेशही मुलीला छातीशी धरून गाडीत जाऊन बसला. घाटात नाकाबंदी होती, तिथले हवालदार धावत आले.

एवढ्यात धुळामामा दूध घालायला आले. त्यांनी मला पाहिले आणि सरळ उचलले.

"आवो, ही आमच्या शैलेशरावांची हाय. मी वळखतो."

"यानेच ठेवली असेल," गर्दीतून एकजण म्हणाला. दोघातिघांनी मामांचे दंड धरले. हवालदारांनी मला उघड्या माळावर ठेवायला लावले.

"त्ये काय गाडीत बसल्यात. त्यास्नी इचारा की," मामा शांतपणे म्हणाले.

हवालदार गाडीजवळ गेले. "साहेब, ही बॅग तुमची का? आणि हा माणूस ओळखीचा आहे?"

शैलेशने माझ्याकडे पाहिले. मग मामांकडे पाहिले. "नाही," तो म्हणाला. "बॅग माझी नाही. यांना मी ओळखत नाही. आम्ही पहिल्यांदाच आलोय इथे."

ऋतिकाने मान खाली घातली. गाडी निघून गेली.

तपासणीचे पथक यायला तीन तास लागले. तोवर मामांना उन्हात बसवून ठेवले होते. गावचे लोकही लांबून पाहत होते. शेवटी मला उघडले, तेव्हा निघाला क्षितिजाचा स्वेटर, एक थर्मास, शैलेशचे ऑफिसचे कार्ड आणि मामांना द्यायला आणलेला फोटो. फोटोत शैलेशने मामांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

हवालदारांनी कार्डावरच्या नंबरवर फोन केला. मग ते मामांजवळ येऊन बसले.

"घाबरलो होतो म्हणतायत. बॅग टाकून द्या म्हणाले. तुमची काही तक्रार लिहून घेऊ का, मामा?"

"नगं. भ्याला आसंल, लेकरू हुतं बरुबर." मामा म्हणाले. "पन वळखत न्हाई म्हनला, ते लई लागलं."

त्यांनी मला घरी आणले. आता तुकाबाई माझ्यात शेरडांची औषधे ठेवतात. माझा एक टाकाही उसवलेला नाही, तरी मला टाकून दिले, हे मला अजून सलते.

त्याच वर्षी जुलैमध्ये शैलेश एकटाच आला. दारात उभा राहून त्याने माफी मागितली. मामांनी त्याला बसायला घोंगडी दिली, चहा दिला. त्याने विचारले, "मामा, येता का वरच्या धबधब्यापर्यंत?"

"वाट ठावी हाय तुमास्नी," मामा म्हणाले. "जावा. मी आता कुनासंगं जात न्हाई."

शैलेशने चहाचा कप विसळून ठेवला आणि धबधब्याकडे न जाता तो रस्त्याला लागला.

मित्रांनो, बेवारस बॅग दिसली तर तिला हात लावू नका, पोलिसांना कळवा. भीती वाटली तर दूर व्हा, त्यात लाज नाही. पण ज्याच्या घरची भाकरी खाल्ली त्याच्याबद्दल कोणी विचारले, तर एवढे तरी सांगा, की हा माणूस माझ्या ओळखीचा आहे.