दुसऱ्या पारड्यात

बाबांनी उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवला. वजनमाप खात्यातून ते निवृत्त झाले, पण तराजू काही डोक्यातून उतरला नाही. घरात कुठलाही निर्णय घ्यायचा झाला की त्यांचा नियम ठरलेला: ज्याला जी गोष्ट हवी, त्याने तिच्या विरोधात बोलायचं, ज्याला नको, त्याने तिचे गुण गायचे. "मनाचं पारडं आधीच झुकलेलं असतं," ते म्हणत, "म्हणून तोंडानं वजन दुसऱ्या पारड्यात टाकावं." ताईचं लग्नसुद्धा असंच ठरलं होतं. जावईबापूंचे सगळे दोष तिने त्यांच्या तोंडावर सांगितले आणि मग त्यांच्याशीच लग्न केलं. पाहुण्यांना हे घर म्हणजे वेड्यांचा बाजार वाटे. घरच्यांना मात्र इतकी सवय झालेली, की कोणी एखाद्या गोष्टीला नावं ठेवू लागला की त्याला ती किती हवी आहे, हे त्यांना लगेच कळायचं.

त्या रविवारी जेवणं उरकल्यावर जहाजाच्या सहलीचा विषय निघाला. सगळ्यांनी मिळून मोठ्या जहाजावरून आठवडाभर समुद्रात फिरून यायचं. कल्पना जावईबापूंची, आणि कारण होतं बारक्या. ताईचा हा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. गेल्या वर्षी त्याची बायको आजारपणात गेली आणि तो आईबाबांकडे राहायला आला. राहायला आला म्हणजे काय, शरीर आणून ठेवलं एवढंच. विचारलं तर मान हलवायचा, वाढलं तर चिवडत बसायचा. डॉक्टरांच्या गोळ्या म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पण गेल्या काही दिवसांत त्याच्यात फरक पडला होता. त्याने दाढी केली. कपाट आवरलं. हत्यारांची पिशवी, जिला तो कुणाला बोट लावू देत नसे, ती सोबतच्या कारागिराला देऊन टाकली. मनगटावरचं घड्याळ काढून जावईबापूंच्या हातात बांधलं. आईला तर आनंद मावेना. "लेकरू माणसात आलं," ती ज्याला त्याला सांगत सुटली. ताईला मात्र काहीतरी खुपत होतं. ती दातांच्या कवळ्या बनवायची. नीट बसलेली कवळी कुठली आणि नुसती बसवलेली कुठली, हे तिला लांबून कळे. बारक्याचं हसू नुसतं बसवलेलं होतं.

"हं, करा सुरुवात," बाबा म्हणाले.

आई पाण्याला घाबरायची, त्यामुळे गुण गाणं तिच्याकडे आलं. "आयतं जेवण. भांडी नाहीत, केर नाही. सामान एकदाच उघडायचं. याहून सुख ते काय!" हे बोलताना तिचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं होतं.

जावईबापूंना जायचंच होतं, तेव्हा त्यांनी तोंडसुख घेतलं. "खोली म्हणजे काडेपेटी. पोटात ढवळणार ते वेगळंच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सासुरवाडी चोवीस तास समोर, पळायला जागाच नाही!"

सगळे हसले. बारक्याही हसला. मग टेबलावरची चमच्यांची रांग सरळ करत म्हणाला, "मी बोलू?"

आईचा हात तोंडावर गेला. वर्षभरात हे पोर आपणहून बोललं नव्हतं.

"माझ्या मते जाऊ नये," तो शांतपणे म्हणाला. "जहाजावर पहाटे चिटपाखरू नसतं. कठडेही काही फार उंच नसतात. एखादा माणूस दिसेनासा झाला, तर नाश्त्यापर्यंत कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. आणि आल्यावर तरी काय? एवढा समुद्र. शोधणार कुठे?"

बाबांनी टेबलावर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! सगळ्यात भारी वजन यानंच टाकलं. बघा, बघा, किती जायचंय याला!"

आईने डोळे पुसले. "मग मीही येते. बुडाले तर बुडाले."

सगळ्यांनी वजन बरोबर वाचलं होतं. बारक्याला खरंच जायचं होतं, सगळ्यांपेक्षा जास्त जायचं होतं. पारड्यात त्याने काय टाकलंय, एवढंच कुणी पाहिलं नव्हतं. ती पिशवी, ते घड्याळ, ते आवरलेलं कपाट, सगळं ताईच्या डोळ्यांपुढे आलं.

"मला ही सहल नकोय," ती म्हणाली.

बाबांच्या कपाळाला आठी पडली. "अगं, नको असेल तर गुण सांग. नियम म्हणजे नियम."

"खड्ड्यात गेला तुमचा नियम! तो काय बोलला ते ऐकलंत का कुणी?"

"अगं, पण उलटच बोलायचं असतं ना," जावईबापू तिची समजूत घालू लागले. त्यांच्या मनगटावर बारक्याचं घड्याळ टिकटिकत होतं.

ताईने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. खुर्ची ओढून ती भावाशेजारी बसली. "बारक्या, माझ्याकडे बघ. सरळ सांग. आमच्याबरोबर परत येणार आहेस ना?"

त्याने मान वर केली. तेच हसू. "हो ताई. येणार की."

"झालं ना समाधान?" बाबा उठले. "लावतो मी फोन तिकिटांसाठी."

आई चहा टाकायला गेली. जावईबापू बाबांच्या मागे बाहेरच्या खोलीत गेले. ताई जागची हलली नाही. लहानपणापासून ती या टेबलाशी बसत आली होती, आणि ज्याला जे हवं ते त्याने इथे कधीच तोंडाने कबूल केलं नव्हतं.

तिने त्याचं मनगट धरलं. घड्याळाचा पट्टा असायचा तिथे कातडी पांढरी पडली होती. बाहेर बाबा खणखणीत आवाजात माणसं मोजून सांगत होते. बसल्या जागेवरूनच ती ओरडली, "बाबा, फोन ठेवा!" बारक्याने हात सोडवून घेतला नाही. पण तिचा धरलाही नाही.