पाषाणबाबांची राख आणि दोन बत्तासे

इंदिरा नगरातल्या रिकाम्या प्लॉटवर शामियाना लागला होता आणि आत मुंगी शिरायला जागा नव्हती. पाषाणबाबा मातीच्या कुल्हडात दोन मुठी राख टाकत, गोमती नदीचं पाणी ओतत आणि काडीनं ढवळून कुल्हड रोग्याच्या हातात देत.

"पकड़ो माई! बीमारी जल रही है, अब पत्थर बनेगी!"

कुल्हड तापे आणि पाच मिनिटांत राखेचा दगड होई. मग चेला तो दगड गोमतीत सोडायला नेई. रोग गोमतीला दिला की माणूस मोकळा. गोमतीनं तक्रार कुणाकडे करायची, ते बाबांनी सांगितलं नव्हतं.

पद्मिनीची ही तिसरी खेप. तिच्या छातीत गाठ होती. ऑपरेशन मंगळवारी ठरलं होतं आणि एक आठवडाही दवडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ती नवऱ्याला म्हणाली होती, "अहो, रोग दोनदा दगड होऊन वाहून गेला. आता कापायचं काय?" गाठीचं कळल्यापासून महिनाभर दिनकरला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. जेवण, ऑफिस, तिचं रडणं, सगळं सारखंच. आजही ती चला म्हणाली म्हणून तो आला होता.

"धरा ना जरा, हात भाजतोय," म्हणत पद्मिनीनं कुल्हड त्याच्याकडे दिला.

ती ऊब त्याच्या ओळखीची होती. प्रयोगशाळेत तो तेलविहिरींतले पाइप पक्के करण्याच्या सिमेंटवर काम करी. विहिरीत खोल उतरेपर्यंत, तिथल्या उष्णतेतही, ते सिमेंट चार-पाच तास पातळ राहायला हवं आणि मगच पाइपाभोवती घट्ट व्हायला हवं. त्याचं एक्केचाळीस नंबरचं मिश्रण मात्र भांड्यातच पाच मिनिटांत तापून दगड झालं. त्यानं उरलेल्या कोरड्या मिश्रणाच्या पोत्यांवर स्वतःच्या हातानं '४१ रद्द' लिहिलं आणि पोती भंगारात गेली. आता बाबांच्या गादीमागं, भगव्या कापडाखालून डोकावणाऱ्या पोत्यावर, तेच अक्षर दिसत होतं.

प्रयोगशाळेतल्या मिक्सरच्या खोलीत चहाला बंदी होती. एकदा टेक्निशियन दयारामच्या हातून चमचाभर साखर मिश्रणात सांडली आणि सिमेंट दोन दिवस चिखलच राहिलं. तेव्हा दिनकर त्याच्यावर खेकसला होता. आज त्याला ते आठवलं आणि पद्मिनीचा कुल्हड परत तिच्या हाती देऊन तो पुढे गेला.

"बाबा, मुझे भी दो कुल्हड़ दीजिए."

"दो क्यों, बच्चा?"

"बीमारी बड़ी है."

बाबांनी दोन्ही कुल्हड ढवळून दिले. दिनकरनं सगळ्यांदेखत एकात प्रसादाचे दोन बत्तासे चुरून कालवले. पाच मिनिटांनी एक कुल्हड तापून दगड झाला होता. दुसऱ्यात गार चिखल होता.

"मन में शंका है, इसलिए नहीं बना!" बाबा कडाडले.

"शंका तो दोनों हाथों में थी. और बीमारी मुझे कोई है ही नहीं. तो यह पत्थर किस चीज़ का है?"

कुणीतरी खुदकन हसलं. दिनकरनं भगवं कापड ओढलं. "यह सीमेंट है. मैंने ही बनाया था, बिगड़ गया. पानी से गरम होकर जमता है, शक्कर से रुक जाता है. घर जाकर खुद कर लीजिए." चेला कुल्हड गोळा करायच्या निमित्तानं जो गेला, तो गेलाच. काही बाया मात्र बाबांच्याच पाया पडत राहिल्या. दिनकरला जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही.

चमत्कार दिसला की नमस्कार जरूर करावा, पण आधी तोच प्रयोग एखाद्या धडधाकट माणसाच्या हातात करून पाहावा. निरोग्याच्या हातातही दगड होत असेल, तर तो रोगाचा नव्हे. एवढ्यासाठी शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही.

परतताना रिक्षात पद्मिनी मांडीवरच्या, गोमतीत न सोडलेल्या आपल्या दगडाकडे बघत होती.

"म्हणजे माझी गाठ..."

"आहे तिथंच आहे."

ती बराच वेळ रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "मंगळवारी किती वाजता जायचं?"

"आठला," दिनकर म्हणाला. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला भीती वाटली आणि त्यानं तिचा हात घट्ट धरला.