बसऱ्याच्या मोत्यांची नथ

साखरपुड्याच्या दिवशी, पाहुण्यांनी गच्च भरलेल्या खोलीत, वैष्णवीच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

"सविताची नथ माझ्याकडून. आणि साधीसुधी नाही हं. जुनी, बसऱ्याच्या मोत्यांची."

सविता तिची एकुलती एक नणंद. दिंडोरीच्या विहीणबाई कुसाबाई बशीतला चहा ओठांशी नेता नेता थांबल्या. "बसऱ्याची? बया! आमच्या सगळ्या गोतात कुणाकडं नाय." सासूबाई लताबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, की हे कधी ठरलं बाई? ठरलं कुठे होतं! वैष्णवीच्या स्वतःच्या लग्नात तिला दाबाची, खोटी नथ घालावी लागली होती आणि पंक्तीतच कुणीतरी ती बोटाने हलवून पाहिली होती. ते बोट तिला अजून विसरता आलं नव्हतं. सविताच्या नाकाशी तसं बोट जाऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. पण मनातलं मनात राहिलं नाही, आणि आता ते दिंडोरीभर झालं होतं.

पैसे होते. चिमीच्या जन्माच्या वेळी नोकरी सोडली तेव्हा फंडाचे मिळाले होते ते. तिचे स्वतःचे म्हणावेत असे तेवढेच, आणि पुन्हा मिळण्याची सोय नसलेले. पण सराफ बाजारात बसऱ्याच्या मोत्यांचं नाव काढलं की सराफ आधी हसायचे आणि मग असा आकडा सांगायचे, की चिमीला कडेवर घेऊन ती मुकाट पायऱ्या उतरायची.

मग तिला ती नथ इंटरनेटवर सापडली. लिलावाच्या साइटवर. नवरा हर्षल सातपूरच्या कंपनीत गेला आणि चिमी झोपली, की ती कॉम्प्युटर चालू करून त्या फोटोसमोर बसे. टपोरे, किंचित पिवळट मोती, मध्ये लाल खडा. खाली लिहिलेलं: 'सासूबाईंची आठवण, अडचणीमुळे विकणे आहे. सौ. देवयानी, पुणे.' वैष्णवीने बोली लावली की कुणीतरी लगेच वर जायचं. पुन्हा ती, पुन्हा तो कुणीतरी. त्या न पाहिलेल्या माणसाचा तिला असा राग यायला लागला, जसा काही तो घरात शिरून सविताच्या नाकातून नथ ओढतोय.

हर्षलने एकदाच सांगितलं होतं. "घे, तुझे पैसे आहेत. पण पैसे साइटच्याच खात्यात भर. वस्तू हातात पडली, आपण होकार कळवला, की मगच ते विकणाऱ्याला देतात."

"एवढं कळतं मला."

कळत होतंच. पण शुक्रवारी देवयानीबाईंची मेल आली. दुबईचं एक गिऱ्हाईक मागे लागलंय, रविवारी लिलाव संपला की ते नेणार. मला मात्र वाटतं, आपल्या माणसात जावी. उद्या दुपारच्या आत माझ्या भावाच्या खात्यात रोख भरलीत तर लिलाव काढून घेते, सोमवारी कुरिअर करते.

आणि लग्न पुढच्या शुक्रवारी. साइटच्या वाटेने गेलं तर त्यांची खातरजमा होऊन नथ वरातीनंतर येणार. वैष्णवीने ती मेल पुन्हा पुन्हा वाचली आणि त्यातल्या 'आपल्या माणसात' या दोन शब्दांनी ती विरघळली.

शनिवारी बँक अर्धा दिवस. सासूबाई आणि सविता मेनरोडला उरलेल्या साड्या आणायला गेलेल्या. वैष्णवीने चिमीला कडेवर घेतलं, पिशवीत पैसे आणि नथीच्या फोटोचं प्रिंट टाकलं, आणि सिडकोतून रिक्षाने कॅनडा कॉर्नरची बँक गाठली. मे महिन्याचं ऊन. आत रांग भिंतीपर्यंत गेलेली.

"शनिवारी आलं की असंच," पुढच्या आजोबांनी तिला ऐकू जाईल असं सुनावलं. "आठवडाभर झोपतात की काय लोक!"

"तुम्हीही शनिवारीच आलात की, काका."

आजोबा गप्प झाले, पण चिमी सुरू झाली. आधी कुरकुर, मग भोकाड. पाणी नको, बिस्किट नको, पिशवीचा बंद नको. रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. वैष्णवीला घाम फुटला. हाताला लागलं ते प्रिंट तिने बाहेर काढलं आणि चिमीच्या नाकाशी धरलं.

"बघू, बघू! माझ्या ठमाबाईला नथ! कुठं निघाली नवरी?"

चिमी हुंदका अर्धा ठेवून बघायला लागली. वैष्णवीने कागद नीट दुमडला, नथीची तार चिमीच्या डाव्या नाकपुडीशी आणली आणि हसत हसत मान मागे घेऊन पाहिलं.

काहीतरी बिनसलं होतं.

मोत्यांचा बाक बाहेर, गालाकडे यायला हवा. तो आत, ओठांवर वळला होता. तिने कागद सरकवला, तिरका केला. छे. मग उजव्या नाकपुडीशी नेला, आणि तिथे नथ अगदी चपखल बसली.

उजव्या.

वैष्णवीने स्वतःचं नाक चाचपलं. डावीकडे टोचलेलं. सविताचं डावं, सासूबाईंचं डावं, कळवणला तिच्या आईचं डावं. आजवर पाहिलेल्या प्रत्येक नवरीची नथ डावीकडेच. मग ह्या पुण्याच्या सासूबाई कोण, उजवीकडे नथ घालणाऱ्या? की फोटोच उलटा? पण स्वतःच्या नथीचा सरळ काढलेला फोटो उलटा कशाला होईल? दुसऱ्या कुणाचा उचलून, ओळखू येऊ नये म्हणून कुणी फिरवला असेल तरच.

'चुकून झाला असेल,' मन म्हणालं. मनाला ती नथ हवीच होती.

रांग पुढे सरकली. तिने मोबाइल काढून मेलमधला नंबर लावला. नेहमीप्रमाणे भावाने उचलला.

"मॅडम, भरले का पैसे?"

"रांगेत आहे. ताईंना द्या ना जरा, एक विचारायचंय."

"ताई बाहेर गेल्यात. मला विचारा की."

ताई कायमच बाहेर असायच्या, हे तिला आत्ता जाणवलं.

"नथ कोणत्या नाकपुडीची आहे?"

तो हसला. "काय मॅडम, नथ दोन्हीकडे चालते. फिरवली की झालं!"

फिरवली की मोती नाकाकडे जातात आणि मागची तार जगाला दिसते. नथ हातात धरलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. पाच वर्षांच्या पोरीलाही. ह्याच्या घरात नथ नव्हती. कधीच नव्हती.

"पुढे या ताई," खिडकीतून कॅशिअरने हाक मारली. "लवकर. बंद करायचंय."

तिचा हात सवयीने पुढे गेला. पैशांचा गठ्ठा आणि स्लिप खिडकीतून आत सरकली. कानाला फोन, कडेवर चिमी.

"एक करा," ती फोनवर म्हणाली. आपला आवाज इतका शांत कसा, याचं तिलाच नवल वाटलं. "नथ आजच्या पेपरवर ठेवून एक फोटो पाठवा. तारीख दिसली पाहिजे. मी इथेच थांबते."

"कॅमेरा बिघडलाय."

"शेजाऱ्यांचा घ्या."

"मॅडम, तुम्हाला घ्यायची नसेल तर सांगा ना! दुबईवाला लाइनवर आहे. आम्ही आपलेपणानं देतोय, आणि तुम्ही चोरासारखी चौकशी करताय. मग रडू नका."

कॅशिअरने बोट ओलं करून नोटा मोजायला घेतल्या होत्या. फर्रर्र, फर्रर्र. शिक्का त्याच्या कोपराशी होता. वैष्णवी नोटांकडे बघत राहिली. एवढे दिवस जे दिसूनही बघितलं नव्हतं ते सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. वजन विचारलं तर 'भरपूर आहे' असं उत्तर. देवयानीबाईंचं साइटवरचं नाव जेमतेम महिन्यापूर्वी नोंदवलेलं. त्यांना मिळालेले चांगले शेरे सगळे मोबाइलच्या कव्हरांसाठी. आणि तो मागे लागलेला बोलीवाला, तोही ह्यांच्यातलाच कशावरून नसेल?

कॅशिअरने शिक्का उचलला.

"थांबा!" ती एवढ्या जोरात ओरडली, की चिमी दचकली. "परत द्या. मला नाही भरायचे."

"अहो ताई, मोजले मी."

"हो. सॉरी. द्या परत."

"शनिवार आहे म्हणून हे सुचतं लोकांना," असं पुटपुटत त्याने गठ्ठा बाहेर ढकलला. फोनवर तो माणूस अजून बोलत होता. तिने बटण दाबून त्याला गप्प केलं.

घरी आल्यावर तिने आधी कॉम्प्युटर लावला आणि साइटवाल्यांना तक्रार लिहिली. सगळं लिहिलं: फोटो उलटा, पैसे बाहेरून मागितले, नवा फोटो द्यायला नकार. पाठवून झाल्यावरही नथ पडद्यावर तशीच होती. देखणी.

तेवढ्यात जिन्यावर सविता आणि सासूबाईंचा आवाज आला.

"वहिनी, झालं का काम? नथ कधी येतेय?"

वैष्णवीने सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. सविता साड्यांच्या पिशव्या मांडीवर तशाच घेऊन बसली. लताबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पैसे?"

"आहेत, आई. सगळे."

लताबाईंनी डोळे मिटून घेतले. मग सविता हळूच म्हणाली, "पण दिंडोरीला तर सगळ्यांना... माझ्या सासूबाईंनी गावभर सांगितलंय हो."

"मी सांगते त्यांना," लताबाई म्हणाल्या. "मोठ्या माणसानं बोललेलं बरं."

"नाही आई. शब्द मी दिला होता." आणि धीर जायच्या आत तिने कुसाबाईंना फोन लावला.

"मावशी, मी वैष्णवी. ती बसऱ्याची नथ... ती नाही जमत. विकणारा भामटा निघाला. सविताला खऱ्या मोत्यांची घेऊ आम्ही, पण नवी, आणि लहान."

सविता नखं खात होती.

"भामटा म्हणून कसा कळला?" कुसाबाईंनी विचारलं.

वैष्णवीने सांगितलं. दोन्हीकडे चालते, फिरवली की झालं.

"फिरवून?" कुसाबाई किंचाळल्या. "फिरवून घालतो व्हय मेला! अगं, त्याच्या आईला तरी इचारायचं हुतं त्यानं!" आणि त्या हसायला लागल्या, हसता हसता त्यांना ठसका लागला. "पण म्या चार बायांना बोलून बसले ना गं. आता त्यांना काय सांगू?"

"हेच सांगा, मावशी. जे झालं ते."

"सांगते की. नथीपरीस हीच गोष्ट लय चालंल. आन ऐक, नवी घ्यायला सोमवारी म्या येते. वजन करून, पावती घेऊन घेऊ. तुम्हा शिकलेल्यांचा भरवसा नाय."

फोन ठेवला. सविताचा चेहरा पांढराफटक.

"त्या येणार? माझी नथ निवडायला? दिवसभर? वहिनी, त्यापेक्षा फसला असतात तर परवडलं असतं!"

लताबाई खुदकन हसल्या. वैष्णवीही हसली. ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. पैशांची पिशवी अजून खांद्यालाच होती.