आबांचा रक्तगट

"आबा, बोट ढिलं सोडा. ताठ धरलं की जास्त दुखतंय."

"तू टोच गं. मेंढरांच्या खुरातलं काटं काढण्यात जलम गेला माझा, मला काय सांगती?"

मी सुई टोचली. आबा बोटाकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिले. एरवी माझ्या या बापाला इंजेक्शन द्यायचं म्हणजे दोघांनी धरावं लागतं.

विद्यापीठात विज्ञान दिनाचं प्रदर्शन होतं आणि प्राणिशास्त्र विभागाच्या रक्तगट तपासणीच्या टेबलावर मी स्वयंसेवक होते. गळ्यात ओळखपत्र, हातात रबरी मोजे, थाट अगदी डॉक्टरीणबाईंचा. उद्घाटनाला अजून अर्धा तास होता. पण आबा मेंढरं चुलत्याच्या हवाली करून कन्नडहून पहिल्या एसटीने आले होते. मी काचपट्ट्या आणायला विभागात गेले होते, परत येते तर हे टेबलापाशी हजर. पहिलं गिऱ्हाईक आपणच, हे त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं.

काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घेतले. एकात निळं सीरम टाकलं, दुसऱ्यात पिवळं, तिसऱ्यात बिनरंगाचं, आणि काडीने ढवळलं. निळ्यात गुठळ्या झाल्या तर गट ए, पिवळ्यात झाल्या तर बी, दोन्हींत झाल्या तर एबी, कशातच नाही तर ओ. तिसरा थेंब फक्त पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सांगतो.

आबांच्या रक्तात दोन्हीकडे गुठळ्या झाल्या.

"काय निघालं?"

"एबी," मी म्हणाले, आणि काचपट्टी पुन्हा डोळ्यांजवळ धरली.

माझा गट ओ आहे. गावातलं कुणी शहरात दवाखान्यात पडलं की रक्ताला मला फोन येतो, आणि आबा पारावर बसून सांगत सुटतात, "माझ्या दिपीचं रक्त ओ हाय, कुनालाबी चालतं." आणि माझ्या पाठीमागे मीच दोन दिवस खपून तयार केलेला तक्ता टांगलेला होता. त्याची शेवटची ओळ मी हौसेने लाल शाईत लिहिली होती : आई-वडिलांपैकी एक जण एबी असेल, तर मूल ओ गटाचं होत नाही.

याला अपवाद असतात, पण ते लाखात एखादे. तो नेमका आमच्याच वाट्याला कशाला येईल? मला आईची शंका आली. दोन-चार मिनिटंच आली, पण आली, आणि आज हे सांगतानाही मला लाज वाटते. जी बाई पावसाळाभर आबांच्या मागे वाड्या-वस्त्यांवरून कळपासोबत फिरली, तिच्याबद्दल मी, तिची पोटची मुलगी, एका काचपट्टीवरून नको ते मनात आणत होते.

"चांगलं हाय का वाईट?" आबांनी विचारलं.

"चांगलंच हाय की."

मी त्यांच्याकडे पाठ करून तीच ती काचपट्टी पुसत राहिले. बऱ्याच वेळाने वळले, तर आबा म्हणाले, "जरा हिंडून येतो," आणि मंडपाबाहेर गेले.

फीत कापली गेली, भाषणं झाली, ती बराच वेळ चालली. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. अकरा वाजता लोक आत आले. रांगेत पहिले होते बन्सीकाका, आमच्या विभागाचे वॉचमन. त्यांचीही चाचणी एबी आली.

"क्या बात करती बेटा!" काका उखडलेच. "बीस दफा खून दिया मैंने. ए आहे माझा, ए! हे बघ कार्ड."

कार्डावर ए पॉझिटिव्ह होता. ते वाचून मला जो आनंद झाला, तो काकांना काही केल्या कळेना. माझी सोबतीण मोनाली म्हणाली, "अगं, हसतेस काय? चुकलंय ना आपलं!"

"चुकलंय, चुकलंय!" मी म्हणाले आणि पिवळी बाटली घेऊन उन्हात पळाले. मंडपाचं कापड निळं होतं, त्याच्या उजेडात आत काही कळत नव्हतं. बाहेर उन्हात धरलं तर पिवळं सीरम चक्क हिरवट दिसत होतं. एकाचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत गेला होता, आणि दोन्ही सीरम एकमेकांत मिसळली होती.

मोनालीने फ्रीजमधल्या नव्या बाटल्या काढल्या. काकांचा गट ए आला. मग मी आबांना शोधत सुटले. ते विभागाच्या संग्रहालयात सापडले. बरणीतल्या मेंढीच्या पोटाचे चार कप्पे ते शाळेच्या पोरांना समजावून सांगत होते, आणि शिक्षिका वहीत टिपून घेत होत्या.

"आबा, पुन्हा बोट द्या. मघा माझं चुकलं."

त्यांनी मुकाट्याने दुसरं बोट पुढे केलं. "सावकाश बघ. घाई नगं करू."

निळा थेंब तसाच राहिला. पिवळ्यात गुठळ्या झाल्या. बी. बी असलेल्या बापाची मुलगी ओ असू शकते, खुशाल असू शकते!

"मघा काय बिघडलं व्हतं?"

"बाटल्यांच्या ड्रॉपरची अदलाबदल झाली, आबा. मी काढून समोर ठेवले होते. कुणी बंद केल्या काय माहीत."

आबांचा चेहरा पडला. "त्या तर म्याच बंद केल्या. तू नव्हतीस, बाटल्या उघड्या, आन् वाऱ्यानं फुफाटा उडत व्हता. म्हणलं, पोरीच्या औषधात माती जाईल. लई नुकसान झालं का गं?"

मी हसायला लागले, आणि हसता हसता रडायलाही लागले. "नाय आबा. काय बी नाय झालं." खरंच, इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

दुपारी त्यांना एसटीत बसवून दिलं. दिवेलागणीला हॉस्टेलवर आईचा फोन आला.

"आगं दिपे, तुझ्या बापाला तिथं काय झालतं?"

"का गं?"

"सकाळी फोन आला. म्हणला, दिपीनं तक्त्यावर लिवलेलं समदं वाचलं, पार खालच्या लाल वळीपतूर. आन् मंग गप. बोलंना, फोन बी ठिवंना. मंग म्हणला, राजे, तू जेवलीस का? लगीन झाल्यापासनं ह्या मानसानं कधी इचारलं नव्हतं गं."

"किती वाजता आला होता फोन?"

"धाचा सुमार आसंल. शाळंची घंटा झाली तवा."

दुसऱ्यांदा मी आबांचं बोट टोचलं, तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. म्हणजे फोन केला तेव्हा आबांच्या लेखी ते एबीच होते.

"मग जेवलीस का?" मी शेवटी विचारलं.

"जेवले की," आई म्हणाली. "येवढं इचारल्यावर?"