चौथ्या दिवसापासून मोजलेली माणसं

चौथा दिवस

नाथाजी रक्ताची उलटी झाल्यानंतर चौथ्या दिवशी सांगलीच्या दवाखान्यात पोचला. रजिस्टरात लिहिलं: दिवस पहिला. सहा आठवड्यांनी तो जिवंत होता.

आधीच्या तीन दिवसांना रकाना नव्हता.

तक्ता

सांगली: पन्नास रुग्ण, सहा आठवड्यांत आठ मृत्यू.
म्हसवड: पन्नास रुग्ण, सतरा मृत्यू.

दोन्ही दवाखाने एकाच ट्रस्टचे. आजार एकच. यकृत निबर होतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एक दिवस फुटतात. दुर्बीण आत घालून त्या शिरांना रबरी रिंगा बसवायच्या असतात. म्हसवडला हे काम डॉ. मल्हार एकटे करत. तक्ता सांगलीच्या डॉ. रेश्माने केला होता. तो पाहून सोमवारच्या बैठकीत म्हसवडची दुर्बीण सांगलीला आणायचं ठरणार होतं.

शनिवारी दुपारी रेश्माने जुन्या रुग्णांना शेवटचे फोन लावले. नाथाजीचा फोन त्याच्या बायकोने, बयाबाईने, उचलला.

फोन

"नाथाजी कसे आहेत?"

"मेंढरामागं गेल्यात. का वं, तुमच्या कागदावर मेल्यात काय?"

"नाही, नाही. उलटी कधी झाली होती त्यांना?"

"सोमवारी."

"आणि इथे आणलं गुरुवारी. एवढा उशीर?"

"आवं, आमी जतच्या माळावर. दोनशे मेंढरं कुनाच्या गळ्यात घालायची? दीर आला बुधवारी, तवा निघालो."

"नशीब तुमचं."

"नशीब कसलं! त्ये तीन दिस जगले, म्हनून तुमच्या दारात आले. माझा भाऊ, आप्पासो, म्हसवडात घरीच ओकला. अर्ध्या तासात दवाखान्यात नेला. दुपारी गेला."

रेश्माने आप्पासोचं नाव टिपून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे म्हसवडचा दवाखाना वाईट?"

"वाईट कशानं? मल्हार डाक्टर घामानं न्हाला व्हता. त्यानं घेतला म्हनून त्येच्या हातात मेला. माळावर मेला असता, तर तुमास्नी पत्ता तरी लागला असता का?" मग पुढे म्हणाली, "आमी मेंढरं निघताना मोजतो, म्याडम. पोचल्यावरच मोजली, तर वाटंत मेलेली कशी कळायची?"

मागे

रेश्माने शंभर फायली परत काढल्या. या वेळी दवाखान्यात आल्याची तारीख सोडून पहिल्या उलटीची तारीख धरली.

म्हसवडला सगळे पहिल्या काही तासांत आलेले. सतरापैकी अकरा जण पहिल्या दोन दिवसांतच गेले होते.

सांगलीला पन्नासातले चव्वेचाळीस दोन दिवस उलटल्यावर आलेले. त्या दोन दिवसांत त्यांच्यातलं कुणी मरणं शक्यच नव्हतं. मेलेला माणूस जतहून रिक्षात बसून येत नाही.

जे आलेच नाहीत ते किती?

(इथे तिने आकडा लिहायला पेन टेकवलं. आकडा नव्हता.)

तक्ता, पुन्हा

फक्त दोन दिवस जगलेले धरले, तर:
म्हसवड: एकोणचाळीस, त्यांतले सहा गेले.
सांगली, लवकर आलेले सहा वगळून: चव्वेचाळीस, त्यांतले सात गेले.

शंभराला पंधरा आणि शंभराला सोळा.

सोमवार

विभागप्रमुख डॉ. विश्वजित यांनी कागद दोनदा वाचला.

"म्हणजे आपण चांगले नाही?"

"ते यातून कळत नाही, सर. चांगले असूही. पण आपल्याकडे टिकलेलेच येतात. त्यांच्याकडे सगळे."

"वैद्यकीय परिषदेला पहिला तक्ता गेलाय, रेश्मा. माझ्या नावाने."

"माझंही नाव आहे त्यावर. परत मागवू या."

त्यांनी पेन काढलं. मग पहिल्या तक्त्यावर आडवी रेघ मारली, दुसऱ्याखाली सही केली आणि बैठकीला गेले. तासाभराने निरोप आला: दुर्बीण म्हसवडलाच राहील.

रेश्माने मल्हारांना फोन लावला.

"सर, मशीन हलवायचं नाही. खोक्यात भरलं असेल तर काढा."

"खोकं सकाळीच फोडलं गं. दहिवडीची बाई आलीय, पाऊण तासात पोचवली घरच्यांनी." मागे कुणीतरी रक्ताची पिशवी मागत होतं. "वाचेलसं वाटत नाही. तुझ्या तक्त्यात आमचा आकडा वाढणार बघ."

"वाढू द्या," रेश्मा म्हणाली. "उलटीची वेळ तेवढी लिहून ठेवा."

"लिहिली," म्हणत त्यांनी फोन ठेवला.