डावीकडची मुलगी

मित्रांनो, मी एक जुने चित्रांचे पुस्तक आहे. माझ्या मुखपृष्ठावर एक मेंढपाळ खांद्यावर कोकरू घेऊन उभा आहे आणि आत लहान मुलांना दया, खरेपणा आणि चांगली निवड शिकवणाऱ्या गोष्टी आहेत. माझ्यासारखी पुस्तके आपली कहाणी सांगताना छाती फुगवतात. मला मात्र ती मान खाली घालूनच सांगावी लागणार आहे.

माझा जन्म एका छापखान्यात, शाईच्या वासात झाला. माझी चित्रे काढणारा चित्रकार मनाने वाईट नव्हता, फक्त घाईत होता. प्रत्येक गोष्टीसाठी त्याने समोरासमोर दोन पाने रंगवली. डाव्या पानावर खेळणे हिसकावणारी, थापा मारणारी, म्हाताऱ्याला पाहून तोंड फिरवणारी मुलगी. उजव्या पानावर वाटून खाणारी, खरे बोलणारी, म्हाताऱ्याला हात देणारी मुलगी. वाचता न येणाऱ्या पोरांनाही फरक चटकन कळावा म्हणून त्याने उजवीकडच्या मुलीला सरळ केसांच्या दोन घट्ट वेण्या घातल्या आणि डावीकडच्या मुलीच्या डोक्यावर कुरळ्या केसांचे जंगल उभे केले. छापखान्यात सगळ्यांनी वाहवा केली आणि मीही हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

मग मी एका चर्चच्या संडे स्कूलमध्ये आलो. चर्चच्या मागच्या खोलीत चटई पसरलेली असे आणि शिकवणाऱ्या बाई मला मांडीवर उघडून बसत. बाई प्रेमळ होत्या. पोरांची शेंबडी नाके पुसायचाही त्यांना कंटाळा नव्हता. "कोणतं पान व्हायचं?" असे त्या विचारत आणि पोरे छप्पर उडेल अशा आवाजात ओरडत, "उजवं!" कोणी दंगा केला की बाई नुसते "डावं पान हं," म्हणत आणि दंगा थांबे.

त्यांची आणखी एक पद्धत होती. दर रविवारी एक मूल मला घरी नेई आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभे राहून सांगे, की या आठवड्यात मी कोणते चांगले काम केले. कुणी आजोबांचा चष्मा शोधून दिलेला असे. कुणी धाकट्या भावाला न मारता आठवडा काढलेला असे, आणि त्यालाही टाळ्या मिळत. त्या दिवसांत माझी पाने खरकट्या हातांनी चिकट झाली, एका तान्ह्या बाळाने माझा कोपरा चघळला, पण मला त्याचे काहीच वाटले नाही.

पुढे त्या खोलीत बबी आली. तिची आई घरी शिवणकाम करायची आणि ही तिची एकुलती एक. केस कुरळे, भरघोस, कंगवा अडकून मोडावा असे. त्या दिवशी बाईंनी मला उघडले, आणि पुढे बसलेला एक मुलगा आधी माझ्याकडे, मग बबीकडे बघून म्हणाला, "बाई, ही तीच आहे."

सगळे हसले. बबीही हसली, कारण तिला अजून कळले नव्हते. "असं बोलू नये," म्हणत बाईंनी पान उलटले. पण पुढच्या पानावरही तीच मुलगी होती. मित्रांनो, माझ्या प्रत्येक डाव्या पानावर तीच होती.

तेव्हापासून पोरे बबीला 'डावं पान' म्हणू लागली. खडू हरवला की आधी तिचा खिसा तपासला जाई. तिने कोणाला पेन्सिल देऊ केली, तर "डाव्या पानाची नको" म्हणून ती परत येई. आणि हीच पोरे दयेच्या गोष्टी माझ्यातूनच पाठ करत होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यावरूनच पडली असावी. मला लाज वाटे, पण पान मिटून घेणेही माझ्या हातात नव्हते.

मग बबीची पाळी आली. मला छातीशी धरून तिने घरी नेले. घर म्हणजे एकच खोली, तीही शिलाई मशीनने आणि कापडाच्या गठ्ठ्यांनी अर्धी भरलेली. बबी गोष्टी वाचत नव्हती. या मुलीवरून त्या मुलीवर ती नुसते बोट फिरवत होती. शनिवारी दुपारी आई शिवलेले कपडे पोचवायला गेली, तशी बबीने तिची कापड कापायची कात्री घेतली. मला भिंतीला टेकवून उभे केले, उजवे पान नीट दिसेल असे. पहिली बट पडली ती माझ्यावरच.

रविवारी ती डोक्याला रुमाल बांधून आली. आई दारापर्यंत सोडायला आली होती. "उवा झाल्या म्हणून कापले म्हणते," ती बाईंना म्हणाली. "मला विचारायचं तरी होतं. डोकं कसं भादरून ठेवलंय बघा."

"केस काय, येतील परत," बाई हसून म्हणाल्या. "ये बबी, सांग. या आठवड्यात कोणतं चांगलं काम केलंस?"

बबीने रुमाल सोडला. कुठे टाळू दिसत होती, कुठे बोटभर केस उभे होते, कानामागे कात्री लागल्याची खपली होती.

"मी वाईट केस काढून टाकले," ती म्हणाली. "आता मी उजव्या पानावर आले ना, बाई?"

कोणी हसले नाही. तिला पहिल्यांदा ओळखणारा तो मुलगा चटईच्या काड्या उपसू लागला. बबीची आई चपला न काढताच दारातून आत आली. बाईंनी बबीला जवळ ओढले आणि तिचे डोके पोटाशी धरले. त्या म्हणाल्या, "तुझे केस कधीच वाईट नव्हते गं. आम्ही तसं चित्र दाखवत राहिलो. चुकलं माझं, बाळा." मग त्यांनी मला मिटले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आता मी कपाटाच्या डोक्यावर असतो. धूळ बसते, कसर लागली आहे. जुनी पुस्तके अशा वेळी गळा काढतात, मी काढत नाही. इथून मला खोली दिसते. बबीचे केस पुन्हा आले, तसेच कुरळे. पोरे तिला नावाने हाक मारतात, खेळायला घेतात. पण कोणी नवे चित्रांचे पुस्तक उघडले, की तिचा हात आधी डोक्याकडे जातो आणि केस दाबून बसवू लागतो.

मित्रांनो, पुस्तकाला कव्हर घाला, पाने दुमडू नका, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी ते मागत नाही. माझे पान फाटले तर चिकटवता येते. तुम्ही एवढेच करा, गोष्टीतले वाईट मूल दिसले की त्याचा चेहरा वर्गात शोधू नका. आणि तुमच्या शेजारी कोणी असे केसांवर हात दाबून बसलेले दिसले, तर तो हात हळूच खाली घ्या आणि आपल्या हातात धरून ठेवा.