पन्नासच्या खालचा आवाज

गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद: चव्वेचाळीस.

डाव्या कानात सुताचा दोरा, भोक बुजू नये म्हणून.

बाटलीचं बूच: एकाहत्तर.

माझा उजवा खांदा.

खडीचा ट्रक गुरुवारी.

आमच्या धातू शोधणाऱ्यांच्या मंडळातले लोक विचारतात, जुनं मशीन बरं की नवं. दोन्ही वापरलेला तूच, तर लिहून दे. लिहितो.

वजनाला नवं बरं. जुन्याने तासाभरात खांदा भरून यायचा. त्याला पडदा नव्हता, नुसती दोन बटणं आणि आवाज. खिळा असो की नाणं, ते ओरडणारच. खिळ्याचा आवाज फाटका, नाण्याचा गोल, एवढं कानाला कळायला मला सहा वर्षं लागली. नवं मशीन आकडा दाखवतं, आणि नको त्या आकड्यांचं तोंड बंद करू देतं.

मी पन्नासच्या खालच्या सगळ्यांचं बंद केलं.

आमच्या इमारतीमागच्या मैदानाला लागून दवाखाना आहे. मातीत गोळ्यांच्या पाकिटांचे तुकडेच तुकडे. आणि मला शोधायचा होता बायकोचा डूल. तिच्या आईचा, केसासारख्या बारीक तारेचा. फिरताना तिथेच पडला. त्यासाठीच नवं मशीन आणलं, जुनं वायरमन मित्राला देऊन टाकलं. पंधरवड्यात तिला त्याच दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर दिवस सांगेनात, नुसते माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. तिचं मागणं एकच होतं, जाताना दोन्ही कानांत हवेत.

दोरी बांधून मैदानाचे एकोणीस पट्टे पाडले. प्रत्येक पट्टा दोनदा. सकाळी मैदान, दुपारी वॉर्ड. मशीन गप्प. मी तिला सांगायचो, अगं, एक कोपरा राहिलाय. असे बरेच कोपरे मी तिला सांगितले.

"एवढं कौतुकाचं आणलंत, आणि तोंडातून शब्द नाही त्याच्या," ती म्हणाली. "आपला जावई बरा. निदान खोकतो तरी."

मी हसलो. ती भिंतीकडे वळली.

मैदानावर गाड्या लावायची जागा होणार होती. बुधवारी वायरमन घरी आला. चहा घेताना म्हणाला, उद्या खडी पडेल, जुन्यानं एकदा बघू, दोघं मिळून वाजेल ते खणू. मला त्याचं हसू आलं. ते प्रत्येक कागदावर भुंकेल, म्हटलं, पुढच्या वर्षापर्यंत खणत बसू.

"नवं तपासलंस कशावर?" त्याने विचारलं.

माझ्या अंगठीवर, मी सांगितलं. सोनं ते सोनं. बासष्ट आकडा आला होता.

"अरे, तुझी अंगठी म्हणजे नळाचा नट, बारीक तारेचा आकडा वेगळा. दुसरा डूल धरून बघितलास का?"

नव्हता. तो तिच्या कानात होता. आजारी माणसाच्या कानातलं काढून मागायचं, तर ती भलतंच काही समजेल, अशी भीती. वायरमन कप स्वतः विसळून गेला.

गुरुवारी खडी पडली, मागोमाग रोलर फिरला. तिला सांगितलं नाही. म्हटलं, एक कोपरा राहिलाय.

शनिवारी पहाटे नर्सने एक लहान पाकीट हातात दिलं. वर तिचं नाव, आत उजव्या कानातला डूल.

दुपारी मुलगी-जावई माणसांत बसलेले असताना मी आतल्या खोलीत गेलो. डूल लाकडी स्टुलावर ठेवला. मशीन चालू केलं, वरून फिरवलं. एकदा. दोनदा. चार बोटांवर आणलं. पडदा कोरा. मग पन्नासच्या खालच्यांचं तोंड उघडलं आणि पुन्हा फिरवलं.

चव्वेचाळीस.

बाहेरून जावयाचा खोकला ऐकू आला. मी मशीन फिरवत राहिलो, ते दर वेळी सांगत राहिलं. एकोणीस पट्टे, दोनदा. म्हणजे मी हरवलेल्या डुलावरून किमान दोन वेळा गेलो.

तर जुनं की नवं. नवं हलकं आहे. सांगाल तसं ऐकतं.

बुधवारी वायरमन जुनं मशीन बरोबर घेऊनच आला होता. ते खाली जिन्याजवळ भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं.